तळ ठरवतो थराचा स्वभाव

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकापाठोपाठ एक लागतात. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या या पट्ट्याची ओळख पिढ्यानपिढ्या मिठागरांनी घडवली. पावसाळा ओसरला की भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, उन्हात आटवत पुढे पुढे सरकवायचे आणि तुडवून, चोपून घट्ट केलेल्या तळावर शेवटी मीठ धरू द्यायचे, ही तिथली रीत. तळ नीट केला नाही तर मिठात चिखल येतो, म्हणून आगरी माणूस तळावर फार मेहनत घेतो. पण एकदा तळ स्वच्छ ठेवला की त्याचे काम संपते. मिठाच्या खड्याच्या आत सोडियम आणि क्लोरिनचे अणू कसे मांडले जातील, खड्याच्या कडा कोणत्या दिशेला वळतील, हे खालची माती ठरवत नाही. राईचे मीठ असो की गुजरातचे, आतली रचना तीच.

याचे कारण मोजून दाखवता येते. मिठाच्या स्फटिकात अणूंचा एक थर दुसऱ्यापासून ०.२८ नॅनोमीटर अंतरावर असतो. एक मिलिमीटरच्या खड्यात असे सुमारे ३५ लाख थर होतात. त्यातला सर्वांत खालचा एक थर मातीला टेकलेला असला, तरी बाकीच्या लाखो थरांना तिची खबरही लागत नाही. पृष्ठभाग आहे, पण तो एकूण पदार्थाच्या मानाने नगण्य आहे.

आता असा पदार्थ घ्या ज्याला एकच थर आहे. त्याला आतला भाग नाहीच. त्याचा प्रत्येक अणू एकाच वेळी वरच्या पृष्ठभागावर आहे आणि खालच्याही. अशा पदार्थात वीज कशी वाहेल, तो प्रकाश देईल की नाही, तो धातूसारखा वागेल की अर्धवाहकासारखा, या प्रश्नांचे उत्तर निम्मे त्या थरात असते आणि निम्मे तो ज्यावर वाढला त्या तळात. या प्रकरणाचा विषय तो तळ आहे.

२००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून, ती पुन्हा पुन्हा सोलून कार्बनचा एकच थर वेगळा केला. त्यासाठी २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ग्राफीन हे नाव घराघरात पोचले. कार्बनच्या षटकोनी जाळीत इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे दहा लाख मीटर वेगाने धावतात, प्रकाशाच्या वेगाच्या तीनशेव्या हिश्श्याने. पण ग्राफीनमध्ये बँडगॅप नसतो. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांना वर्ज्य असलेला ऊर्जेचा एक पट्टा असतो, त्याला बँडगॅप म्हणतात. सिलिकॉनमध्ये तो १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद आहे. हा पट्टा असतो म्हणून ट्रान्झिस्टर पूर्ण बंद करता येतो. ग्राफीनचा ट्रान्झिस्टर बंदच होत नाही. गणिताच्या चिपसाठी ही मोठी अडचण आहे.

सुरुवातीचे ग्राफीन सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या थरावर ठेवलेले असे. तिथेच तळाचा पहिला धडा मिळाला. ऑक्साइड खडबडीत असतो आणि त्यात विजेचे भार अडकलेले असतात. त्यांच्यामुळे ग्राफीनमध्ये कुठे इलेक्ट्रॉनांची दाटी होते, कुठे त्यांचा तुटवडा पडतो. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी ग्राफीन बोरॉन नायट्राइडच्या सपाट, भाररहित स्फटिकावर ठेवले आणि तेच ग्राफीन कितीतरी पटींनी चांगले वाहू लागले. पदार्थ बदलला नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनवर जे काम करतो, त्यातले बरेचसे याच युक्तीवर उभे आहे. ग्राफीनचे दोन दुहेरी थर एकमेकांवर किंचित पीळ देऊन ठेवले की इलेक्ट्रॉनांचे वागणे कसे पालटते, यावरचे त्यांचे संशोधन २०२२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये आले. देशमुखांना त्याआधी, २०१५ मध्ये, शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता.

पण उचलून ठेवणे वेगळे आणि वाढवणे वेगळे. प्रयोगशाळेत कसबी हात एकेक तुकडा उचलून ठेवू शकतात. कारखान्याला मात्र अख्ख्या चकतीवर सलग थर हवा, आणि तो वाढवावाच लागतो. वाढवताना खालच्या स्फटिकाची अणुरचना थेट हस्तक्षेप करते. १९२८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रॉयर यांनी अभ्रकासारख्या खनिजांवर क्षारांचे स्फटिक वाढवून दाखवले की दोन्हींतल्या अणूंमधली अंतरे साधारण १५ टक्क्यांच्या आत जुळत असतील, तरच वरचा स्फटिक खालच्याची दिशा धरतो. मिठागराच्या मातीला जे जमत नाही ते अभ्रकाला जमते, कारण अभ्रक स्वतःच शिस्तीत मांडलेला स्फटिक आहे.

अर्धवाहकाचा पृष्ठभाग मात्र अभ्रकासारखा शांत नसतो. सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. स्फटिक कापला की वरच्या अणूंचे शेजारी जातात आणि बंध अर्धवट लोंबकळत राहतात. हे बंध स्वस्थ बसत नाहीत. सिलिकॉनच्या एका विशिष्ट पृष्ठभागावर, ७ गुणिले ७ अशा घरात, ४९ मोकळे बंध असायला हवेत. पण तिथले अणू स्वतःची फेरमांडणी करून ते १९ वर आणतात. बिनिंग आणि रोरर यांनी १९८३ मध्ये आपल्या नव्या सूक्ष्मदर्शकाने ही मांडणी अणू-अणू करून पाहिली. अशा अस्वस्थ पृष्ठभागावर एका अणूच्या जाडीचा थर वाढवायचा, तर तो थर निर्मळ राहील अशी अपेक्षाच चुकीची. तो खाली बांधला जातो, त्याच्यात इलेक्ट्रॉन ओतले जातात किंवा काढून घेतले जातात, तो ताणला किंवा दाबला जातो.

सिलिकॉन कार्बाइडवरच्या ग्राफीनची कथा या सगळ्याचे उत्तम उदाहरण आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

सिलिकॉन कार्बाइड खूप तापवले की त्यातले सिलिकॉन उडून जाते आणि कार्बन मागे राहतो. एडवर्ड अ‍ॅचिसनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भट्टीत हेच पाहिले आणि १८९६ मध्ये अशा प्रकारे ग्रॅफाइट बनवण्याचे पेटंट घेतले. १९७५ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हान बोमेल आणि सहकाऱ्यांनी निर्वात पोकळीत हाच प्रयोग अगदी सावकाश केला, आणि पृष्ठभागावर कार्बनचा एकच थर तयार होतो हे इलेक्ट्रॉनांच्या विकिरणातून ओळखले. म्हणजे चिकटपट्टीच्या जवळजवळ तीस वर्षे आधी! जॉर्जिया टेकमधले वॉल्ट डी हीर यांनी २००४ मध्ये, गाइम-नोव्होसेलोव्हच्याच वर्षी, अशा वाढवलेल्या थरांमधून वीज कशी वाहते हे मोजले. ग्राफीनच्या इतिहासात या दुसऱ्या वाटेला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, असे मला ठामपणे वाटते. वापरायोग्य इलेक्ट्रॉनिक्स वाढवलेल्या थरांतूनच यायचे आहे.

सिलिकॉन कार्बाइडच्या दोन अणुपातळ्यांच्या जोडीत जितका कार्बन असतो, तो ग्राफीनच्या एका थराला लागणाऱ्या कार्बनच्या सुमारे एक तृतीयांश. म्हणून तीन जोड्या विस्कटल्या की एक थर पुरा होतो. ग्राफीनच्या जाळीचे एक घर ०.२४६ नॅनोमीटरचे, सिलिकॉन कार्बाइडचे ०.३०८. जुळणी अशक्य वाटते. पण ग्राफीन ३० अंशांनी वळते, आणि त्याची १३ घरे म्हणजे ३.२ नॅनोमीटर, खालच्या जाळीच्या सहा गुणिले वर्गमूळ तीन घरांवर जवळजवळ तंतोतंत बसतात. निसर्गाने शोधलेली ही जुळणी पाहून दर वेळी मन हरखते.

आता गंमत अशी की स्फटिकाच्या सिलिकॉनच्या बाजूवर तयार झालेला पहिला थर षटकोनी असतो, कार्बनचाच असतो, पण ग्राफीनसारखा वागत नाही. त्यातले साधारण एक तृतीयांश अणू खालच्या सिलिकॉनशी पक्के बांधलेले असतात. ग्राफीनची वीज ज्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे वाहते ते या बंधांत खर्ची पडतात. संशोधक याला बफर थर म्हणतात आणि बरीच वर्षे त्याला बिनकामाचा समजत आले. त्याच्या वर असलेला दुसरा थर मात्र खरे ग्राफीन असतो. तोही तळापासून सुटत नाही: बफर थर त्याला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १०¹³ इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे ग्राफीनच्या साधारण चारशे अणूंमागे एक. ऐकायला थोडे वाटते, पण एका अणूच्या जाडीच्या थरात एवढ्याने सगळे गणित बदलते.

इलेक्ट्रॉनांचे हे गणित दिसते कसे? पृष्ठभागावर अतिनील किंवा क्ष-किरण टाकायचे, बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात आणि किती ऊर्जेने निघाले ते नोंदवायचे, आणि त्यावरून ते आत असताना कसे फिरत होते याचा नकाशा काढायचा. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर असे मोजमाप करण्याची सोय आहे. या नकाशात ग्राफीनचे दोन उलटसुलट शंकू टोकाला टोक लावून दिसतात. ज्या ऊर्जेपर्यंत इलेक्ट्रॉन भरले आहेत, त्या पातळीच्या ते टोक किती खाली किंवा वर आहे, यावरून तळाने किती इलेक्ट्रॉन दिले वा घेतले ते कळते.

२००९ मध्ये जर्मनीत रीडल, श्टार्के आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडवरच्या अशा बफर थरांवर हायड्रोजन सोडला. हायड्रोजनचे अणू बफर थराखाली शिरले, सिलिकॉनचे मोकळे बंध स्वतःकडे घेतले आणि वरचा थर सुटा झाला. जो थर वीज वाहण्याच्या कामाचा नव्हता, तो क्षणात खरा ग्राफीन बनला. त्यात एक अणूही कमी-जास्त झालेला नव्हता. त्याहून नवल म्हणजे आधी इलेक्ट्रॉनांची दाटी असायची, तिथे आता त्यांचा तुटवडा दिसू लागला. २०१२ मध्ये याचे कारण पुढे आले: षटकोनी सिलिकॉन कार्बाइडच्या रचनेतच विजेचे एक कायमचे ध्रुवीकरण असते, आणि हायड्रोजनने मधले बंध मिटवल्यावर त्याचा परिणाम थेट ग्राफीनवर होऊ लागतो. म्हणजे नुसता पृष्ठभागच नाही, त्याखालचा सगळा स्फटिक त्या एका थराशी बोलत असतो.

आणि तो बिनकामाचा बफर थर? जानेवारी २०२४ मध्ये तियानजिन विद्यापीठ आणि जॉर्जिया टेकच्या गटाने, डी हीर यांच्यासह, ‘नेचर’मध्ये दाखवले की तोच थर फार काळजीपूर्वक, जवळजवळ समतोलाच्या अवस्थेत वाढवला तर ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टचा बँडगॅप असलेला अर्धवाहक मिळतो, आणि खोलीच्या तापमानाला त्यातल्या इलेक्ट्रॉनांची गतिशीलता ५,००० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंदाच्या वर जाते. सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त. ग्राफीनमध्ये जो बँडगॅप दोन दशके शोधला जात होता, तो त्याच तळाशी असलेल्या बंधांत होता. दोष मानलेली गोष्ट गुण ठरली. त्यासाठी ती नीटनेटकी करावी लागली एवढेच.

वाढवलेल्या ग्राफीनचा एक उपयोग तर आजच रोजच्या वापरात आहे. तीव्र चुंबकीय क्षेत्रात आणि कमी तापमानाला या थराचा रोध निसर्गाच्या स्थिरांकांनी ठरतो, त्याचे मूलभूत मूल्य २५,८१२.८०७ ओहम. अमेरिका, ब्रिटन, जर्मनीच्या मापन संस्थांनी ओहमचे प्रमाण ठरवायला सिलिकॉन कार्बाइडवरचे ग्राफीन वापरले आहे. इथे तळाने दिलेली ती जास्तीची इलेक्ट्रॉनसंख्याच कामी येते, कारण तिच्यामुळे हा रोध चुंबकीय क्षेत्राच्या मोठ्या टप्प्यात स्थिर राहतो.

तापमानाचाही विचार करावा लागतो. २०१० मध्ये कुलाब्याच्या याच संस्थेत विभोर सिंग, मंदार देशमुख आणि सहकाऱ्यांनी दोन टोकांना धरून अधांतरी ताणलेल्या ग्राफीनची कंपने मोजली. ३०० ते ३० केल्विनच्या सगळ्या टप्प्यात त्यांना आढळले की ग्राफीन थंड होताना आकुंचन पावत नाही, प्रसरण पावते. बहुतेक तळ याच्या उलट वागतात. वाढवण्याच्या भट्टीतून, हजार अंशांच्या पलीकडून नमुना खाली आणला की सिलिकॉन कार्बाइड आक्रसतो आणि वरचा थर दाबला जातो. कुठे कुठे सुरकुत्याही पडतात. त्या ताणांचाही परिणाम इलेक्ट्रॉनांवर होतो.

ग्राफीनखेरीज दुसरा मोठा पदार्थ म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. मोटारीच्या वंगणात तो पूर्वीपासून आहे. अनेक थरांचा असताना त्याचा बँडगॅप सुमारे १.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो आणि तो प्रकाश फारसा देत नाही. एकच थर उरला की बँडगॅप १.८ च्या पुढे जातो आणि थर लाल प्रकाशाने उजळतो. २०१० मध्ये हे कळले आणि २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आंद्रास किस यांच्या गटाने त्याचा एकथरी ट्रान्झिस्टर केला.

या पदार्थाच्या थरावर मोकळे बंध नसतात. जपानचे आत्सुशी कोमा यांनी १९८४ च्या सुमारास दाखवले होते की असे थर एकमेकांवर कमकुवत आकर्षणाने टेकून वाढतात आणि अणूंमधली अंतरे बरीच वेगळी असली तरी चालते. पण ‘चालते’ म्हणजे तळाचा परिणाम होत नाही असे नव्हे. गॅलियम नायट्राइड घ्या, निळ्या आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांचा हा अर्धवाहक. त्याचे घर ०.३१९ नॅनोमीटर, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ०.३१६, फरक फक्त एक टक्का. त्यावर वाढलेले त्रिकोणी कण एका शिस्तीत रांगेने उभे राहतात. मात्र त्रिकोणाचे टोक इकडे की बरोबर उलट दिशेला, हे षटकोनी पृष्ठभागाला ठरवता येत नाही. उलटे-सुलटे त्रिकोण वाढत जाऊन जिथे भिडतात तिथे एक सदोष शिवण तयार होते. २०२१ मध्ये नानजिंगच्या संशोधकांनी नीलमणीची चकती किंचित तिरकी कापली. पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या आल्या आणि पायरीच्या कडेने सगळे त्रिकोण एकाच बाजूला वळवले.

पवईच्या आयआयटीत शुभब्रत धर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याच पदार्थासाठी साधी आणि सुरेख वाट काढली. ऑक्साइड चढवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर दुसरा तुकडा ठेवला की दोघांमध्ये आपोआप बारीक फट राहते. त्या फटीत वाफेतून वाढणारा थर नेमका एकाच थराचा होतो आणि काही चौरस सेंटिमीटर सलग पसरतो. वेगवेगळ्या तळांवर असे थर वाढवून त्यांनी त्यांचा प्रकाश पडताळून पाहिला. थर तोच, पद्धत तीच, तरी तळानुसार प्रकाशाची तऱ्हा वेगळी.

तळाचा हा परिणाम काही अंशी बंध आणि भारांशिवायही होतो. बर्कलीत मायकेल क्रोमी यांच्या गटाने २०१४ मध्ये मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचा एक थर सिलिकॉन कार्बाइडवरच्या दुहेरी ग्राफीनवर वाढवला: बँडगॅप २.१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ग्रॅफाइटवर वाढवला, तर १.९४. वरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनाचे विद्युत क्षेत्र थराच्या बाहेर, खालीही पसरते. तळात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असले की ते सरकून हे क्षेत्र झाकतात, आणि वरच्या थरात इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर न्यायला लागणारी किंमत उतरते. एकही बंध न जुळता बँडगॅप पाव इलेक्ट्रॉनव्होल्टने हलतो.

आता मिठाकडे येऊ, कारण या शास्त्रात त्याला खरेच जागा आहे. मॉलिब्डेनमसारख्या धातूंची ऑक्साइड सहजी वितळत नाहीत, त्यांची वाफ कमी होते. भट्टीत त्यांच्याबरोबर साधे मीठ ठेवले की मिश्रण लवकर वितळते आणि क्लोरिनयुक्त, सहज उडणारी संयुगे तयार होतात. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील झेंग लिऊ यांच्या गटाने २०१८ मध्ये या रीतीने ४७ प्रकारचे अतिपातळ पदार्थ वाढवून दाखवले. पण चिपच्या कारखान्यात सोडियमचे नाव निघाले की लोक दचकतात. १९६५ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत स्नो, ग्रोव्ह, डील आणि साह यांनी सिद्ध केले की त्या काळच्या ट्रान्झिस्टरांचे वागणे रोज बदलते ते ऑक्साइडमध्ये सरकणाऱ्या सोडियम आयनांमुळे. हाताचा घाम, समुद्राची हवा, कुठूनही सोडियम येतो. म्हणून कारखान्यांना कार्बनी संयुगांच्या वायूंनी वाढवण्याची पद्धत अधिक पसंत आहे. कॉर्नेलमध्ये २०१५ मध्ये त्या पद्धतीने चार इंची चकतीवर थर वाढला. लागले सुमारे २६ तास, ५५० अंश सेल्सिअसला.

तेवढ्या उष्णतेत तयार चिपवरच्या तांब्याच्या तारा टिकत नाहीत. ४०० अंशांच्या आसपासच त्या बिघडू लागतात. २०२३ मध्ये एमआयटीच्या गटाने भट्टीचे दोन भाग केले: गरम भागात गंधकाचे संयुग फोडायचे, थंड भागात चकती ठेवायची. आठ इंची चकतीवर, ३०० अंशांखाली, तासाभराच्या आत सलग थर आला. मग वरून धातू लावायचा प्रश्न उरतो. पवईतच सौरभ लोढा यांच्या गटाने २०१४ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडवर सोने आणि पॅलेडियम लावून, धातूतून थरात शिरताना इलेक्ट्रॉनांना किती ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो ते मोजले. एकाच थराच्या पदार्थाला खालचा तळ जसा असतो तसा वरचा धातूही, आणि सध्याच्या ट्रान्झिस्टरांमध्ये विजेचा बराचसा तोटा या वरच्या जोडावरच होतो. तो कमी करण्याचे काम अजून चालू आहे.